भिंतीतून येणारी फळी

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रिकाम्या गोठ्यात एका नसलेल्या यंत्राला वळसा घालून चालत होते. लोणावळ्यात माझ्या शेजारचं घर त्यांनी नुकतंच घेतलं होतं. नव्या बिऱ्हाडाला विरजण हवं असेल म्हणून मी वाटी घेऊन गेले, तर मागच्या गोठ्यात जमिनीवर खडूने मोठमोठ्या चौकटी आणि वर्तुळं काढलेली. दारातून धुकं आत आलेलं, आणि त्यात हा उंच, किडकिडीत माणूस डाव्या काखेत लांब फळी धरल्यासारखा हात करून अगदी सावकाश फिरत होता. काखेत काही नव्हतं.

"ताई, उजवीकडून या," ते म्हणाले. "तिथे करवतीचं यंत्र आहे."

"इथे काहीच नाही."

"आहे. तुम्हाला लागलं नाही, एवढंच."

मी विरजणाची वाटी त्या यंत्रावरच, म्हणजे जमिनीवर ठेवली आणि त्यांच्या बायकोला हाक मारली.

अण्णा पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. सुतारकाम ते हौसेने शिकले होते. घरातलं शिसवी कपाट, पाट, देव्हारा, सगळं त्यांच्या हातचं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र मनगटापासून पाहुण्यासारखा राहिला. करवत ओढायची, रंधा रेटायचा, तर त्या हातात जोर नव्हता. डॉक्टरांनी हवा पालटायला लोणावळ्याला पाठवलं. इथे आल्यावर अण्णांनी ठरवलं, की हाताला ओढता येत नसेल तर ओढणारं यंत्र आणायचं. हाताने फक्त लाकूड पुढे सरकवायचं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. लांब फळीवर पेन्सिलची रेघ मारायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेवरून सरळ कापायचं, आपल्या हाताने. बाकी जगाचं त्यांना काही नव्हतं.

यंत्र निवडण्यात वर्षं गेली. मुंबईच्या लाकडाच्या वखारींतून ते हिंडत. चालू यंत्राच्या लोखंडी पाटावर चहाची भरलेली बशी ठेवत आणि चहावर लहरी उठतात का ते बघत बसत. चहा गार होई, वखारवाला तापे. घरी येऊन सांगायचे, "तो पाट थरथरतो. माझा हात आधीच थरथरतो, दोघांनी थरथरून कसं चालेल?" कोणी घाई केली तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "थांबा, मला ते अजून दिसत नाहीये." म्हणजे मनात. डोळे मिटले की यंत्र जागच्या जागी उभं दिसलं पाहिजे, त्याचा आवाज आला पाहिजे, भुसा कुठे पडतो ते कळलं पाहिजे. त्यांची बायको, रमावहिनी, मला म्हणायच्या, "आमचं लग्न ह्यांनी एका दुपारी ठरवलं हो. या करवतीच्या किती वेळा पत्रिका बघणार, देव जाणे."

शेवटी दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात, मोडीत निघालेल्या एका वखारीतली पट्ट्याची करवत त्यांना दिसली, दोन्ही अर्थांनी. माणसापेक्षा उंच यंत्र. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पट्टा. मालगाडीने ती लोणावळ्याला आली आणि स्टेशनापासून कुसगावच्या धोंडिबाने आपल्या गाडीतून आणली. सोबत चार माणसं, पहारी आणि लाकडाचे ओंडके. सकाळी निघालेली गाडी दारात आली तेव्हा ऊन कलंडलं होतं.

"आण्णा, ह्यो हत्ती कुटं बांधायचा?"

"आत. पण हळू, धोंडिबा. त्याची मान अवघडायला नको."

"त्याची मान? आन् आमची अवघडली त्याचं काय? लय जड हाय. बैलं मुकी म्हणून बरं, न्हाईतर तुमास्नी चार शब्द ऐकवलं असतं."

रमावहिनींनी हसत हसत यंत्रावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांनी खडूच्या खुणेवर ते बरोबर बसवून घेतलं, चार जाड बोल्ट सिमेंटात रोवले, विजेची मोटर जोडली. उत्तरेच्या खिडकीतला उजेड नेमका पात्यावर पडत होता. मी हवा पालटायला येणाऱ्यांना खोल्या देते. लोक माझ्याकडे शांततेसाठी येतात. म्हणून मी बजावलं, "अण्णा, माझे पाहुणे फिरायला गेले की चालवायचं, परत आले की बंद." त्यांनी मान डोलावली. मला वाटतं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

सिमेंट वाळल्यावर त्यांनी सागाची लांब फळी घेतली. धोंडिबाने आणि मी मागचं टोक धरलं. चाकं फिरू लागली, आणि खरं सांगायचं तर आवाज अगदी हलका होता, लांबून मधमाश्यांचा थवा जावा तसा. फळी पात्यातून पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि ठक्‌ करून भिंतीला टेकली. जवळजवळ अर्धी कापायची राहिली होती.

अण्णांनी मोटर बंद केली.

"अण्णा," मी म्हटलं, "इतके दिवस तुम्ही फळी घेऊन फिरलात. भिंत दिसली नाही?"

ते भिंतीकडे बघत राहिले. "फळी जात होती हो पलीकडे," ते अगदी खरेपणाने म्हणाले. "मी रोज बघत होतो. आरपार जात होती."

यंत्राचं तोंड फिरवायचं तर सिमेंट फोडायला हवं, आणि मग उजेड पाठीमागे. गोठ्याची ती भिंत माझ्या घराची. तिच्या पलीकडे माझी मागची पडवी. मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पाऊसकाळभर ते आखूड तुकडे कापत बसले. कापताना टेकवायला यंत्राला एक लोखंडी आडपट्टी होती. तीही त्यांनी काढून ठेवली होती. "तिच्या आधाराने कोणीही सरळ कापेल," म्हणायचे. आखूड तुकड्यांवर रेघ सुरू होते न होते तोच संपायची. त्यांचा चेहरा उतरत चालला. वहिनी म्हणाल्या, "हल्ली ते डोळे मिटून बसतच नाहीत."

ते मात्र मला बघवेना. दसरा झाल्यावर मी धोंडिबाला बोलावलं आणि यंत्राच्या पाटाच्या उंचीवर भिंतीला खूण करून दिली.

"बाई, पाडू का खरंच? आण्णांस्नी इचारलंय?"

"त्यांना काय विचारायचं? भिंत कोणाची?"

"तुमची."

"मग मार पहार."

वीत-दोन वीत उंचीचं आडवं भोक पडलं. पलीकडून धुळीत अण्णांचे दोन डोळे दिसले. मी म्हटलं, "फुकट नाही हां. पडवीत बसायला मला बाक हवेत."

त्यानंतर पाहुणे फिरायला गेले, की मी पडवीत भाजी निवडत बसायची. धुक्यात पलीकडून गुणगुण सुरू व्हायची आणि भिंतीतून फळी यायची. माणूस दिसायचा नाही, हात दिसायचा नाही. नुसतं लाकूड, कापल्याची फट मिरवत, वाटेवरून कोणी चालत यावं तसं सावकाश. मी सुरी खाली ठेवून टोक हातात धरायची. फळीतून त्यांच्या हाताचा कंप माझ्या तळव्यापर्यंत येई. पहिल्या फळ्यांवरचा काप नाल्यासारखा वळवळलेला असे. "किती?" पलीकडून विचारत. "बोटभर गेला डावीकडे," मी सांगत असे. खोटं मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनाही ते नको होतं. त्या वाकड्या फळ्यांतून माझे बाक झाले. लढाईची वर्षं अशी गेली. बोटभर अर्ध्या बोटावर आलं, मग गव्हाएवढं.

एका माघातल्या सकाळी फळी निम्मी बाहेर आली आणि थांबली. गुणगुणही थांबली. मी टोक धरून थोडा वेळ उभी राहिले. "अण्णा, काय झालं?" टोकाखाली टेकू लावून मी रस्त्याने वळसा घालून गेले.

मोटर त्यांनी स्वतः बंद केली होती. स्टुलावर बसले होते, डोकं फळीला टेकलेलं, उजवा हात रेघेजवळ. वहिनींना हाक मारली. डॉक्टर आले, माणसं जमली, व्हायचं ते सगळं झालं.

संध्याकाळी धोंडिबा पडवीत आला. "बाई, ही फळी काडू का?"

"थांब," मी म्हटलं. कंदील जवळ घेतला, वाकून एक डोळा मिटला आणि कापाच्या ओळीने पाहिलं. तो काप जिथे थांबला होता तिथपर्यंत रेघेवरून हललेला नव्हता.