साळूबाईंचं घड्याळ आणि शिळीमकर मास्तरांचा संशय

भोरच्या सोमनाथ शिळीमकर मास्तरांकडे कुणी जुनं घड्याळ घेऊन आलं, की ते आधी घड्याळाकडे बघत नाहीत. आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

मास्तर शाळेत खेळ शिकवायचे. शर्यतीत पोरांची वेळ लावता लावता त्यांना क्रोनोग्राफचा नाद लागला. हे मनगटी घड्याळ वेळ दाखवतंच, शिवाय बाजूचा खटका दाबला की सेकंद मोजायला लागतं. निवृत्त होईपर्यंत मास्तरांकडे अशी अकरा जुनी घड्याळं जमली होती.

पण तीन वर्षांपूर्वी किकवीत ते फसले. एका म्हाताऱ्यानं फौजेतल्या चुलत्याचं म्हणून घड्याळ दिलं, डोळ्यांत पाणी आणून दिलं. घरी येऊन उघडलं तर आत भलतंच मशीन, आणि तबकडी नव्यानं रंगवलेली. महिन्याभरानं सारोळ्यात दुसऱ्याच माणसानं तसलंच घड्याळ काढलं आणि तोच फौजी चुलता सांगितला. कुणीतरी व्यापारी बनावट माल गावोगाव ठेवून गोष्टीसकट विकत होता. तेव्हापासून गोष्ट जितकी गोड, तितके मास्तर सावध.

म्हणून गेल्या साली विंझरच्या माउली दुकानदाराचा फोन आला, तेव्हा मास्तर खूष झाले नाहीत.

"वर धनगरवाड्यात साळूबाईकडं हाय. दोन खटक्यांचं. लवकर या, पुण्याचं गिऱ्हाईक बी येऊन गेलंय."

पुण्याचं गिऱ्हाईक म्हटल्यावर मास्तरांनी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

तरी गेले. गाडी खाली लावून अर्धा तास चढले. साळूबाई सत्तरीच्या पुढच्या, दारात शेळीला पाला घालत होत्या. त्यांनी घड्याळ फडक्यातून काढलं, पण मास्तरांच्या हातात दिलं नाही. आपल्याच तळहातावर धरलं.

"हितूनच बघा."

मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं. तबकडी पिवळसर, काटे त्याच वयाचे. अस्सल वाटत होतं. मग वरचा खटका दिसला. त्याचा धातू वेगळा होता.

"कुणाचं हे, मावशी?"

"मामंजींचं. सोनबा त्यांचं नाव. गुंजवणीचं पानी मोजाया साहेब आला व्हता. मामंजी वर हुभं राहून पान्यात लाकूड टाकायचं, साहेब खाली खटका दाबायचा. लाकूड पोचलं की पुन्ना दाबायचा. जाताना देऊन गेला."

गोष्ट गोड होती. मास्तरांचा चेहरा घट्ट झाला.

"एवढं किमती घड्याळ साहेब मजुराला देईल? हा खटका नंतर बसवलाय. खरं सांगा, तुमच्याकडं कुणी ठेवायला दिलंय का?"

साळूबाईंनी घड्याळ फडक्यात गुंडाळलं.

"मामंजी चोर व्हते म्हनताय, का म्या लबाड?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

मास्तरांनी भिंग खिशात टाकलं. ते तसेच खाली उतरले. पण आठवडाभर चैन पडेना. फसवणाऱ्यांच्या गोष्टीत फौजी असतात, संस्थानिक असतात. नदीत लाकूड टाकणारा मजूर कोण कशाला रचेल?

शेवटी ते गेनू घड्याळजींकडे गेले. नव्वदीला टेकलेले गेनूकाका एके काळी भोरचे एकमेव घड्याळजी. मास्तरांनी मुद्दामच काही सांगितलं नाही. नाव नाही, गाव नाही. फक्त विचारलं, "दोन खटक्यांचं घड्याळ कधी दुरुस्तीला आलं होतं का?"

गेनूकाकांनी मान डोलावली.

"एकदाच. वेल्ह्याकडचा धनगर. घोंगडीत गुंडाळून आनलं व्हतं. वरचा खटका तुटलेला. सुटा भाग कुठं मिळायचा? म्या सायकलची तार कापली, घासली आन् बसवली. पोलिसांत सांगू का, असा बी इचार आला व्हता मनात. धनगराकडं असलं घड्याळ!" ते ओशाळून हसले. "मग त्यानं लाकडाचं सांगितलं."

मास्तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा धनगरवाड्यावर. वाटेत माउलीला गाठलं, तर पुण्याचं गिऱ्हाईक त्यानं नुसतं घाई व्हावी म्हणून रचलेलं होतं.

साळूबाईंनी तांब्या पुढे केला, पण घड्याळ काढलं नाही.

"आता इकायचं न्हाई. छपराला पत्रे पायजे व्हते, त्यापायी दोन शेळ्या इकल्या."

"मावशी, चुकलं माझं. गेनूकाकांनी सांगितलं, सगळं खरं आहे."

"खरं हाय ते मला ठावंच व्हतं. तुमास्नी आत्ता कळलं."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "विकू नका. पण तेल नाही घातलं तर झिजून बंद पडेल. पंधरा दिवसांत साफ करून आणतो. पैसे नकोत."

साळूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मनगटावरचं हितं ठिवा."

ते मास्तरांचं सगळ्यांत लाडकं घड्याळ होतं. त्यांनी पट्टा सोडला. बाईंनी ते पिठाच्या डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं.

पंधरा दिवसांनी मास्तर आले. साळूबाईंनी आपलं घड्याळ कानाला लावलं, खटका दाबला, काटा पळताना पाहिला, पुन्हा दाबून थांबवला. मगच डबा उघडला. मास्तरांनी पीठ पुसून आपलं घड्याळ बांधलं आणि निघाले.

खालच्या वळणावर मात्र त्यांचा पाय थांबला. नको नको म्हणताना हात पट्ट्याकडे गेला. दगडावर बसून त्यांनी चाकूच्या टोकानं मागचं झाकण उघडलं आणि आतलं मशीन निरखलं. त्यांचंच होतं.

वरून हाक आली. शेळ्यांमागे निघालेल्या साळूबाई कड्यावर उभ्या होत्या.

"बराबर हाय का, मास्तर?"

मास्तरांना लाज वाटली. पण खोटं बोलवेना.

"बरोबर आहे, मावशी!"

"मंग जावा आता. ऊन चढतंय."