नंबराच्या चपला

दादानं स्वतः फोन लावला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्याकडे फोन नेहमी वहिनी लावायची. आधी आम्हा दोघींचं मनसोक्त बोलून व्हायचं आणि मग ती दादाच्या हातात फोन कोंबायची, "घ्या, बहीण आहे तुमची, दोन शब्द बोला." दादा खरंच दोनच बोलायचा. "बरी आहेस ना?" आणि "ठेवतो." त्या दिवशी मी कॅनडातल्या माझ्या ओट्याशी डबा भरत उभी होते. आमच्याकडे सकाळ, म्हणजे भाईंदरला संध्याकाळ. फोनवर वहिनीऐवजी दादाचं नाव दिसलं. पलीकडे तो नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "माधवी, शैला गेली गं... दुपारी जरा पडते म्हणाली, उठलीच नाही." मी त्याला विचारलं, "तू जेवलास का?" अशा वेळी तोंडातून काय निघेल, काही सांगता येत नाही.

शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी कॉलेजात असताना ती आमच्या घरात आली. पुढे आई गेली, आणि माझं माहेर म्हणजे भाईंदर पूर्वेचा तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, असं होऊन गेलं. त्या इमारतीची लिफ्ट चालू असली तर लोक एकमेकांना आनंदानं सांगायचे. आम्ही देश सोडायचं ठरवलं तेही तिच्याच स्वयंपाकघरात. माझा नवरा विनय कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी तपासल्याशिवाय करत नाही. त्यानं लॅपटॉप उघडून अमेरिका आणि कॅनडा शेजारी शेजारी मांडले होते. अमेरिकेत पगार जास्त, पण विम्याचा हप्ता भरूनही आजारी पडलं की आधी आपल्याच खिशातून ठरावीक रक्कम जाणार, मग कंपनी बघणार. कॅनडात सरकारी कार्ड. दादाच्या कंपनीचा मेडिक्लेम त्याच्या निवृत्तीबरोबर संपणार होता, म्हणून तोही कान देऊन ऐकत होता. वहिनी वाल सोलत बसली होती.

"कॅनडात दवाखाना फुकट?" तिनं विचारलं.

"फुकटच म्हणायचं, वहिनी. टॅक्समधून जातं."

"आणि दात?"

"दात नाही त्यात."

"चष्मा?"

"तोही नाही. गोळ्यासुद्धा नोकरीवर अवलंबून."

वहिनीचा हात वालात थांबला. "म्हणजे डोळे आणि दात तुमच्या त्या सरकारच्या मते अंगाला नसतातच की काय? मग फुकट काय?"

"ऑपरेशन. हॉस्पिटल."

"अच्छा. म्हणजे मोठं आजारी पडायचं, लहानसहान नाही पडायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा तुम्ही. मोठं तिकडे बघा, लहानसहान घेऊन इकडे या. मी आहे."

आम्ही हसलो. पण झालं अगदी तसंच. तिकडे एका रूट कॅनालच्या पैशात इकडे यायचं-जायचं एक तिकीट निघतं हे ध्यानात आल्यावर आम्ही वर्षभराची दुखणी साठवायला लागलो. डिसेंबरात सुटी पडली की दाढा, चष्मे, विनयची खांदेदुखी, माझं थायरॉइड, मुलीच्या दातांच्या तारा, सगळं विमानात घालून भाईंदरला आणायचो. वहिनीनं आधीच सगळं ठरवून ठेवलेलं असायचं. सोमवारी दातवाले, मंगळवारी रक्त, बुधवारी डोळे. आमचा जेट लॅगसुद्धा ती रक्ताच्या वेळेत बसवायची, "नाहीतरी पहाटे जागेच असता, उपाशीपोटी देऊन या." रिक्षात ती मधे बसायची, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, पराठे आणि मागच्या वर्षीचे रिपोर्ट. मी माहेरी जाते म्हणजे गॅरेजला गाडी लावते, असं विनय म्हणायचा. दादा म्हणायचा, "ही मेकॅनिक." वहिनीला ते आवडायचं. चारचौघांत सांगायची, "आमचं इंपोर्टेड मॉडेल सर्व्हिसिंगला आलंय."

आणि त्या चपला. स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दर गुरुवारी मुंबईहून हृदयाचे एक डॉक्टर येतात. आता सगळीकडे फोनवर अपॉइंटमेंट मिळते, पण त्यांच्याकडे जुनीच रीत चालू आहे. दवाखान्याची जाळी उघडायच्या कितीतरी आधी लोक येऊन जिन्याच्या पायऱ्यांवर आपल्या चपला ठेवून जातात. एक जोड म्हणजे एक पेशंट. कंपाउंडर आला की चपलांच्या ओळीप्रमाणे नंबर देतो. मधली चप्पल कोणी सरकवत नाही. वहिनीकडे ह्या कामासाठी एक वेगळा जोड होता. तपकिरी, टाचेला झिजलेला, एका चपलेचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला. तो जोड कधी कुणी घातलेला मी पाहिला नाही. तो फक्त ठेवायचा. दाराच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असायचा. शेजारपाजारच्या कुणाला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं असलं की वहिनी सकाळी दूध आणायला जाता जाता तो ठेवून यायची, घरी येऊन पोहे करायची आणि वेळेवर त्या माणसाला घेऊन जायची. कंपाउंडर तिला विचारायचा, "भाभी, आज किसका दिल है?"

आता जे सांगायचंय ते मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. विनयला तर अजूनही नाही.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. गुरुवार होता. सकाळी पोहे खाताना विनय सहज म्हणाला, काल बॅग घेऊन वर येताना दोनदा थांबावं लागलं, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटलं. तिकडे त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं, पण तज्ज्ञांची तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळाली होती. वहिनी झारा हातात घेऊन क्षणभर उभी राहिली. मग गॅस बंद करून म्हणाली, "विनयराव, कपडे करा. नंबर लावूनच आलेय मी." मला तिचं केवढं कौतुक वाटलं! म्हटलं, आपण बोलायच्या आधीच हिला कळलं. काल जिन्यात त्याला थांबलेलं हिनं बघितलं असणार...

दवाखान्यात विनय आत गेला. मी बाहेर फोनवर मुलीशी बोलून परत जिन्यात आले, तर वहिनीच्या शेजारी बसलेल्या उत्तनच्या मावशी तिला झापत होत्या. ह्या मावशी मासळीचा धंदा करणाऱ्या, डॉक्टरांच्या जुन्या पेशंट. आवाज असा की आतल्या डॉक्टरांनाही ऐकू जावा.

"तुजा नंबर व्हता ना गो? मगाशी मला काय सांगलंस, जिना चढताना दम लागतो, डावा हात भरून येतो. मंग ह्यो कोन गेला आत?"

"हळू बोला ना, मावशी. आमच्या घरचे जावई आहेत. लांबून आलेत."

"लांबून आलंत म्हून काय झाला? तुला दम जवळून लागतो काय?"

वहिनी हसली. "मी इथलीच आहे. पुढच्या गुरुवारी येईन."

मी दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मी तशीच उलटी खाली गेले, रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि थोड्या वेळानं जोरात बोलत वर आले, म्हणजे मी आत्ताच येतेय असं वाटावं.

डॉक्टरांना विनयच्या कार्डिओग्राममध्ये काहीतरी दिसलं. ट्रेडमिलची तपासणी झाली आणि त्यांनी सविस्तर रिपोर्ट देऊन बजावलं, तिकडे पोचलात की लगेच दाखवा, उशीर करू नका. तो रिपोर्ट पाहिल्यावर तिकडची चक्रं भराभर फिरली आणि विनयची बायपास झाली. उत्तम झाली. त्याचं बिल आम्हाला आलं नाही. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा वहिनी केवढ्यांदा हसली! "बघ! मोठं फुकट. मी म्हटलं होतं ना?" विनय आज रोज चालायला जातो, मुलीच्या पदवीदानाला टाळ्या वाजवून आला. हे सगळं तिच्या त्या चपलांवर उभं आहे, हे मला ठाऊक होतं.

पण आमच्या निघण्याआधी पुढचा गुरुवार येत होता. माझ्या हातात तो एक गुरुवार होता. त्या दिवशी सकाळी मी चपलांचा जोड घेऊन जायला हवं होतं, वहिनीला हाताला धरून न्यायला हवं होतं. पण त्याच सकाळी माझ्या दाढेवर कॅप बसवायची होती, आणि तिकडे कॅपचे किती पैसे पडतात हे मला पाठ होतं. मी वहिनीला विचारलं, "तुझं काही काम आहे का गं गुरुवारी?" असंच विचारलं. कळत असून, असंच. ती म्हणाली, "मला कसलं काम? चल, येते तुझ्याबरोबर." आणि दातवाल्यांच्या त्या बाकावर ती माझी पर्स सांभाळत बसून राहिली. कॅप बसल्यावर तिनं मला तोंड उघडायला लावून बघितलं आणि म्हणाली, "छान. ओळखूसुद्धा येत नाही."

नंतर फोनवर मी दोनतीनदा विचारलं, "डॉक्टरांकडे जाऊन आलीस का?" ती म्हणाली, "आले ना. गोळी दिलीय." मी सुटल्यासारखी झाले आणि विचारायचं थांबले. ह्या खेपेला आल्यावर दादानं तिच्या गोळ्या दाखवल्या. ती खरंच गेली होती, पण बऱ्याच महिन्यांनी, पावसाळ्यात, चक्कर आल्यावर. मग मात्र नेमानं गोळ्या घ्यायची. डॉक्टर दादाला म्हणाले, तेव्हाच्या उशिराचा आत्ताशी संबंध लावू नका, इतकी वर्षं चांगली काढली त्यांनी. त्यांचं बरोबर असेल. पण त्यांचं वाक्य घेऊन मी मोकळी होणार नाही. त्यांना तो गुरुवार माहीत नाही.

दिवसकार्य झालं, विनय आणि मुलगी परत गेले. मी राहिले. आणि परवा संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. तो खिडकीशी बसला होता. मला वाटलं, आता तो मला जा म्हणेल... मग तो म्हणाला, "विनयरावांचं दुखणं माझ्या चपलांनी पकडलं, असं ती अख्ख्या सोसायटीला सांगायची. वॉचमनलासुद्धा." मी म्हटलं, "पण नंबर तिचा होता, हे?"

"ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिची गोष्ट बिघडली असती ना."

मी रडले. तो उठून आत गेला, पाणी आणलं. पाणी देताना त्याला लागलेला दम माझ्या लक्षात आला. खिडकीपासून ओट्यापर्यंत जाऊन आला होता फक्त. मी विचारलं, "हे कधीपासून?" तर म्हणाला, "काही नाही गं. जागरणं झालीत. बघू पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात. अगदी तिच्यासारखंच म्हणाला.

काल गुरुवार होता. सकाळी मी दाराच्या खिळ्यावरची पिशवी काढली. चपला हातात घेतल्यावर प्रथमच दिसलं की लाल दोऱ्याचे टाके दोनदा घातले होते, जुन्यावर नवे. जिन्यात तीन जोड आधीच होते. चौथ्या पायरीवर मी आमचा ठेवला, पुढची टोकं जाळीकडे करून, ती ठेवायची तसा. वरच्या पायरीवर उत्तनच्या मावशी टेकल्या होत्या. आता खूप थकल्यात. त्यांनी चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही शैलाची हाय."

"हो. वहिनी गेली, मावशी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. काही वेळानं म्हणाल्या, "मंग आज नंबर कोनाचा?"

"तिच्या नवऱ्याचा. माझ्या भावाचा."

"बरा केलास." वर जाळीला अजून कुलूप होतं. वहिनी ह्या वेळेला घरी जाऊन पोहे टाकायची. मी त्या चपलांच्या शेजारी पायरीवर बसले.

मावशी म्हणाल्या, "चपल हाय ना तुजी ठेवलेली? जा घरी. ती कुठं जात न्हाय."

"असू दे, मावशी," मी म्हटलं. "आज मला दुसरीकडे कुठे जायचं नाहीये."