‘ओसाड’ उतारावरचे आमचे घर

‘साहेबांनी ही जागा घेतली तेव्हा बंगल्याखालचा उतार ओसाड होता. तेथे कोणाचीही वस्ती नव्हती. आज दिसणारी हिरवळ व बाग हे सर्वस्वी साहेबांच्या दूरदृष्टीचे फळ होय.’

हा मजकूर महाड आणि पोलादपूर यांच्या मध्ये, सावित्रीच्या खोऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात पितळी पाटीवर कोरलेला आहे. पाटी मालकांनी लावली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वतःच्या भिंतीवर स्वतःची स्तुती लिहिण्याची मोकळीक सर्वांनाच असते. परंतु आमच्या वाडीच्या मुंबईतील मंडळाने तीच वाक्ये यंदाच्या स्मरणिकेत ‘आपल्या परिसराचा इतिहास’ म्हणून जशीच्या तशी छापली, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही. म्हणून वाडीत राहिलेल्या आणि वाडी सोडून गेलेल्या, दोन्हीकडच्या आपल्या माणसांसाठी हे लिहीत आहे. त्या उतारावर वस्ती होती. आमचे घर तेथे होते आणि मी तेथे जन्मलो.

आम्ही निघालो ती सकाळ मला स्वच्छ आठवते. माझे वय तेव्हा दहा. बंगला टेकडीच्या माथ्यावर माझ्या जन्माआधीपासून होता. मुंबईच्या एका बॅरिस्टरांनी तो उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधला होता. खालच्या टप्प्यावर आम्ही राहत होतो. घर आमचे, पण त्याखालची जमीन खोताची. खोताने ती बॅरिस्टरांच्या मुलाला विकली. त्यांना तेथे बाग करायची होती. पावसाळ्याआधी घर उतरवा, असा निरोप आला आणि वडिलांनी स्वतःच्या हातांनी कौले उतरवली. शेवटच्या सकाळी बोचकी बांधून अंगणात ठेवलेली, डोक्यावर नुसते वासे आणि आभाळ, आणि आई आत जमीन सारवत बसली होती.

“अगो, मोडायच्या घराला काय सारवतेस? येष्टी काय आपल्यासाठी थांबनार नाय,” वडील ओरडले.

“घराला कुठं म्हाईत हाय आपन चाललो ते?” आई म्हणाली. “सारवू द्या मला.”

सारवून झाले. ओल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून आम्ही कडेकडेने बाहेर पडलो आणि पोलादपूरच्या स्टँडपर्यंत चालत गेलो.

आता काही विद्वान सांगतात की ती माणसे गिरणीच्या ओढीने आपणहून गेली, त्यामुळे वस्ती नव्हती म्हणायला हरकत नाही. माझे वडील गिरणीत होते, हे खरे. परळच्या खोलीत ते दहाबारा जणांबरोबर राहत आणि लावणीला, कापणीला गावी येत. पण नवरा मुंबईत म्हणून बायकोमुलांचे घर नाहीसे होते, हा कोठला न्याय? तो लावला तर महाड-पोलादपूरचा निम्मा डोंगर निर्मनुष्य ठरेल.

पुढे परळ सुटले, ठाणे आले. खोलीचा फ्लॅट झाला, शहाबादी फरशीच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या. आई अखेरपर्यंत ओल्या फडक्याने लादी पुसत असे ती सारवल्यासारखी, हाताचे अर्धगोल काढत. सुनेने तिला मॉप आणून दिला. तो तिने बाल्कनीत उभा करून ठेवला. बंगल्याच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही, असे वडिलांनी ठरवले होते. त्यांच्यामागे मीही ते पाळले.

ते मोडले माझ्या मुलाने. बंगला आता ‘हेरिटेज स्टे’ झाला आहे. त्याने दोन दिवसांचे बुकिंग करूनच मला सांगितले. “बाबा, एकदा जाऊन बघू या. तुमच्या डोक्यातलं भूत तरी उतरेल.” तो, सूनबाई, नात इरा आणि मी, असे चौघे वीर स्टेशनला उतरलो. बॅगांकडे एक नजर टाकून रिक्षावाला म्हणाला, “हेरिटेजला ना? बसा.” जिथून घालवले तिथे पाहुणा म्हणून जाताना पत्ताही सांगावा लागला नाही.

बंगला सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. सागवानी जिना, वेताच्या आरामखुर्च्या, उंच छत, सगळे नीट राखलेले. मालकांच्या चौथ्या पिढीतला तरुण स्वतः हिंडून सर्व दाखवतो. मुलगा सालस आहे. त्याने मला आजोबा म्हटले आणि पायऱ्या उतरताना हात दिला. पाटीही त्यानेच कौतुकाने वाचून दाखवली.

मग आम्ही हिरवळीवर आलो. इराने विचारले, “आबा, तुमचं घर नक्की कुठे होतं?”

मी सुरूच्या झाडाखालची जागा दाखवली. थोडे पुढे गेल्यावर वाटले, ती नव्हे. आणखी खाली असावे. जुने टप्पे फोडून सगळा उतार एकसारखा केलेला. आमचा फणस नाही, पाणवठ्याची वाट नाही. मी तिसरीकडे बोट दाखवले.

“मघाशी झाडाखाली होतं, मग तिकडे गेलं, आता इकडे आलं,” चिरंजीव लॉनवरच्या खुर्चीत बसत म्हणाले. “चालतं-फिरतं घर होतं वाटतं तुमचं!”

“अहो, गप्प बसा ना,” सूनबाई म्हणाल्या.

“मी काय वाईट बोललो? सगळ्याच म्हाताऱ्यांचं कुठेतरी एक घर असतं. इथे तर चक्क पाटीवर लिहिलंय.”

“पितळेवर खोटं उमटत नाही काय रे?” मी विचारले. पण त्या क्षणी माझ्यापाशी दाखवायला काही नव्हते, आणि इरा आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत होती. ती कोणाचे खरे मानून घरी जाणार, एवढाच माझा प्रश्न होता.

तेवढ्यात मालकांचा मुलगा चहा घेऊन आला. वाद मिटावा म्हणून असेल, त्याने विषय बदलला. “आजोबा, शिमग्याला या ना पुढच्या वेळी. गावदेवीची पालखी येते आमच्याकडे. गेस्टना फार आवडतं. फक्त ही माणसं ऐकत नाहीत हो. आम्ही वर पोर्चमध्ये रांगोळी काढून तयार असतो आणि हे आधी इथे थांबतात, या कोपऱ्यात. चढ चढून दमत असतील.”

“इथेच? नक्की?” मी विचारले.

“दर वर्षी. हे काका बसलेत ना, तिथेच. गुरव नारळ वाढवतो, गाऱ्हाणं घालतो, मग वर येतात. माझे आजोबा सांगायचे, पहिल्यापासून असंच आहे.”

शिमग्याला आम्ही गावी जात होतो, भावकीत उतरत होतो. पालखी फाटकातून आत गेली की वडील फाटकाबाहेर पाठ फिरवून उभे राहत. ती साहेबांकडे जाते, अशी आमची समजूत. वाडीतल्या कोणी आम्हाला वेगळे सांगितले नाही. पालखी घरोघर जाते, त्यात सांगण्यासारखे त्यांना काय वाटणार?

चिरंजीव उठले आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून बाजूला ठेवली. इराने तिथल्या गवतावर उभे राहून विचारले, “म्हणजे मी आता आत आहे की बाहेर?” मी म्हटले, “पालखी दाराशी थांबते. त्यापुढे दोन पावलं टाक.” तिने टाकली.

माझे राहते घर ठाण्यात आहे आणि तेथेच मी सुखाने मरेन. गावी माझ्या नावे कौल नाही, कूड नाही. पण गावदेवी फेरीला निघाली की ते घर अजून वाडीतल्या घरांत धरले जाते. घर असणे म्हणजे माझ्या लेखी आता एवढेच, आणि ते मला पुरते. मालकांनी पाटी काढावी, असा माझा आग्रह नाही. मंडळाने मात्र आपली वाक्ये मागे घ्यावीत. ज्यांना अजून शंका असेल त्यांनी येत्या शिमग्याला फाटकातून आत जाऊन पाहावे. आमच्या गावची पालखी एक तर देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर बसते, नाहीतर घराच्या दारात थांबते. तिसरी जागा तिला नाही.

त्या कोपऱ्यात सहाण नाही.