बारा पांढऱ्या साड्या

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. पण वाचता मला येतं, आणि सगळा घोळ त्यानेच झाला.

आमच्या कॉव्हेंट्रीच्या महिला मंडळाला एका दिवसाचं ध्यान शिबिर घ्यायचं होतं. अध्यक्ष विमलताई म्हणाल्या, "या वेळी जागा सुमन बघेल." मी! जी मीटिंगमध्ये चहाच्या किटलीमागे बसते! बारा जणींचे एकशे ऐंशी पौंड माझ्या पर्समध्ये आले.

इंग्रजीचं मराठी करायचं बटण सुनेने फोनवर दाखवून ठेवलं होतं. एका रिसॉर्टचे नियम वाचले. फोटो काढू नयेत. कोणाकडे टक लावून पाहू नये. बसताना आपला टॉवेल अंथरावा. शरीर आहे तसं स्वीकारावं. कपडे ऐच्छिक. (विपश्यनेत याहून वेगळं काय सांगतात? कपडे ऐच्छिक म्हणजे पांढऱ्या साडीची सक्ती नाही, एवढंच!) मी लगेच पैसे भरले.

रविवारी मिनीबसमधून बारा पांढऱ्या साड्या उतरल्या. समोर एक आजोबा गुलाबांना पाणी घालत होते. अंगावर फक्त टोपी!

"सुमन, यांचे कपडे कुठेत?" विमलताईंनी विचारलं.

"ऐच्छिक आहेत," मी म्हणाले.

"आणि त्या बाईंचे?"

मी टॉवेल डोक्यावर घेतला.

तेवढ्यात मॅनेजर आले. हातात फाइल, बाकी काही नाही. (तीही छातीशी धरलेली!) अदबीने म्हणाले, "तुम्ही साडीत राहू शकता. फक्त पूलमध्ये कपडे चालत नाहीत, आणि जेवायला येताना घालावेच लागतात."

"जेवायला काय आहे, विचार ना!" मागून कुसुम म्हणाली.

"कुसुम, गप्प बस!" विमलताई कडाडल्या. "सुमन, पैसे परत घे. नाहीतर मंडळात तोंड दाखवू नकोस."

मॅनेजर म्हणाले, आयत्या वेळी रिफंड मिळत नाही.

आता, मी जन्मभर मान खाली घालून बोलत आले. त्या दिवशी ती सोयच नव्हती! मी थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "आय थॉट मेडिटेशन. ट्वेल्व्ह लेडीज. फुल मनी, प्लीज." पापणीसुद्धा लवू दिली नाही. त्यांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनीच नजर खाली केली, आणि फाइलही.

पूर्ण एकशे ऐंशी पौंड मिळाले!

"एवढी हिंमत कुठून आली गं?" परतताना विमलताईंनी विचारलं.

हिंमत कसली! दुसरीकडे बघायला जागा कुठे होती?

पुढच्या मीटिंगला मी प्रत्येकीचे पंधरा पौंड मोजून परत केले. मान खाली घालून, किटलीमागूनच.