पौर्णिमेचा गूळ

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर फुलसावंगीजवळच्या आमच्या खेड्यात पौर्णिमेचा उपोसथ माझे यजमानच चालवीत. ते शाळेत मास्तर, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मीही. पांढरे कपडे घालायचे, अष्टशील घ्यायचं आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही खायचं नाही. एका पातळ पुस्तकावरून ते शिकले आणि आम्हाला शिकवलं. पुस्तकात नव्हतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

मग त्यांना झटके येऊ लागले. पोटात कावळे ओरडले की घामाघूम व्हायचे, जीभ अडखळायची, कुणाशीही भांडायचे. गाव म्हणे, मास्तर घेतो. सासूबाई म्हणत, "दीक्षेच्या वक्ती नदीत सोडलेला देव अंगात येते." मला सासूबाईंचा राग जास्त यायचा, कारण साखरपाणी पाजलं की थोड्या वेळात हा देव मुकाट्याने शाळेत जायचा.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला धाडलं, नागपूरने मुंबईला. स्वादुपिंडावर गाठ होती, क्वचितच कुणाला होणारी. ही गाठ रक्तातली साखर उतरवते, म्हणून उपाशीपोटी झटके येतात, असं डॉक्टरांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं. गाठ काढली. ती कॅन्सरची होती. परत आली तर पुन्हा कापता येणार नाही आणि आलीच तर आधी भुकेत कळेल, हेही सांगितलं.

काही महिन्यांनी मास्तर पुन्हा उपास धरू लागले. पौर्णिमेला ते वंदना घेत आणि मी समोर बसून त्यांचं कपाळ पाही. घाम नसे. दोन वर्षं नव्हता. गेली ब्याद, असं मी धरून चालले.

एका पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा पांढरा सदरा धुवायला घेतला, तर खिशाला मुंग्यांची रांग. आत कागदात गुळाचा खडा, अर्धा खाल्लेला.

माझं डोकं फिरलं. "चार लोकाईले शील देता अन् सोता गूळ खाता? लाज नाही वाटत तुमाले?" आणखीही बरंच बोलले.

"तीन पौर्णिमा झाल्या," ते म्हणाले. "नाही खाल्ला तर वंदना इसरतो."

तोवर मी शीलाचाच विचार करत होते. मग डॉक्टरांचं ते भुकेचं बोलणं आठवलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कपाळ पाहून खूश होत होती."

गाठ यकृतात पसरली होती. त्यानंतर ते वर्षभरही राहिले नाहीत. मरणाचं फारसं बोलत नसत, शील मोडल्याचं बोलत. वंदना दुसऱ्याकडे दिली आणि स्वतः मागे, दाराशी बसू लागले. पुढे बसा, असं मी एकदाही म्हटलं नाही. मलाही त्यांची जागा तीच वाटत होती.

ते गेल्यावर दोन-तीन वर्षांनी गावात एक भंते आले. मी त्यांना विचारलं. म्हणाले, आजारी माणसाला दुपारनंतर गूळ चालतो, ते औषधच आहे, त्याने शील मोडत नाही. एवढं सांगून ते पुढच्या बाईकडे वळले.

मला त्यांचा राग आला, इतक्या उशिरा आल्याचा. घरी येईपर्यंत तो ओसरला आणि माझा स्वतःचा आला. तो अजून आहे.