रॉकेल, खडू आणि सासरे

रत्नागिरीत माझ्या सासऱ्यांइतका संतापी माणूस झाला नाही, आणि त्यांच्यामुळे माझ्याइतका संतापलेला जावईही झाला नसेल. जन्म आगबोटीच्या इंजिनखोलीत काढून एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास घरी बसल्यावर त्यांना एकच उद्योग उरला, लोखंडातल्या भेगा शोधायचा. वस्तूला रॉकेल चोळायचं, कोरडी पुसायची, वर खडूची पूड लावायची. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ ओढतं. दिवाळीला आम्ही गेलो की फराळाआधी माझी स्कूटर अंगणात आडवी. बिडाच्या तव्यालाही रॉकेलचा वास. त्यावरची घावनं खाऊन बघा म्हणजे माझा राग कळेल. तक्रार केली तर वर मलाच, "जावईबापू, पोट बिघडलं तर औषध मिळतं. हँडल तुटलं तर काय मिळतं?"

मेव्हण्याची मासेमारीची लाँच होती. जाळं वर ओढणाऱ्या विंचच्या हुकात सासऱ्यांना केसाएवढी भेग सापडली. भरलेलं जाळं वर येतं तेव्हा त्या हुकाखाली खलाशी उभे असतात, म्हणून "हूक बदल" हे पालुपद सुरू झालं. मेव्हणा म्हणे, हंगाम संपू दे. भेग हळूहळू सरकत होती. सासरे दर आठवड्याला तिच्या टोकाशी तेलरंगाचा ठिपका देत. अशात जयगडच्या पुढे जाळं खडकात अडकलं आणि अख्ख्या लाँचची ओढ त्या हुकावर आली. हूक टिकला. वर भेग वाढायचीच थांबली.

मग जी टिंगल झाली, ती ऐकून मला उभ्या बंदराचा राग आला. "आबा, दणका बसला नि भेग घाबरली," मेव्हणा टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला.

सासरे उसळले. "घाबरली नाय, गाढवा. जबर ओढीनं टोकाकडचं लोखंड ताणलं गेलं. आता आजूबाजूचं त्याला आवळून धरतंय, म्हणून ती थबकलीय. तेवढा तुकडा ओलांडला की परत चालू लागेल."

कोणी ऐकलं नाही. ठिपका महिनाभर तिथेच, आणि म्हातारा भ्रमिष्ट ठरला. सासूबाईंनीही रॉकेलचा डबा लपवला, तर ते शेजारून मागून आणू लागले.

एका सकाळी बर्फ भरून लाँच निघायला आणि खडूवरची रेघ ठिपक्याच्या पुढे भाताच्या दाण्याएवढी सरकायला एकच गाठ पडली. सासरे ओरडले नाहीत, याचीच मला भीती वाटली. हूक सोडवून ते सरळ घरी आले. मागून मेव्हणा, "आबा, बर्फ वितळतोय. तुमच्या खुळापायी धंदा बुडेल माझा."

त्यांनी जांभ्याच्या पायरीवर हूक ठेवून घण घातला. दुसऱ्या घावाला हुकाचे दोन तुकडे झाले, पायरीचाही कोपरा उडाला. तुटल्या तोंडावर आरे-वारेच्या वाळूत ओहोटी सोडून जाते तशा रेघा होत्या. मध्ये एक ठसठशीत, जयगडची. तिच्यापुढे अगदी दाट, मग पुन्हा सुट्या सुट्या. धड लोखंड अंगठ्याच्या नखाएवढं उरलं होतं. मेव्हण्याने तुकडा उचलून त्या नखाएवढ्या जागेवर अंगठा ठेवून बघितला. नवा हूक आणायला निघाला, तेव्हा सासरे खेकसले, "चहा तरी घेऊन जा."

आता सासरे नाहीत. लाँचवर मेव्हणाच रॉकेल-खडू घेऊन खलाशांवर त्यांच्या आवाजात ओरडतो. दिवाळीला माझी स्कूटर मात्र अंगणात उभीच्या उभी असते. तिला कोणी हात लावत नाही, आणि मला भयंकर राग येतो.