ठाण्यापर्यंत

सत्तरी उलटल्यावर मी इटलीतल्या या छोट्या गावी आले. जुन्या चर्चमध्ये सोनेरी मुलाम्याचे पिळदार खांब होते, गुबगुबीत देवदूत होते. पण वितळत्या मेणाच्या वासासरशी मी पन्नास सालच्या ठाण्यात गेले.

माझा दादा महायुद्धात याच चर्चच्या दारात गोळी लागून गेला, एवढंच त्याच्या सोबत्याने येऊन सांगितलेलं. मग एकदा आई मला घेऊन डोंबिवलीहून ठाण्याच्या तळ्याजवळच्या चर्चमध्ये गेली. दाराशी चपला काढून तिने आधी वर घंटा शोधली. मग बिचकत मेणबत्ती लावली.

“अगं आई, हा आपला देव नाही.”

“शेवटी त्याच्याजवळ हाच होता ना गं!”

आज मीही दाराशी बूट काढले. फरशी गारठलेली होती. मेणबत्ती लावून हळूच म्हटलं, “दादा, आई निघाली होती रे. ठाण्यापर्यंतच पोचली.”